वानखेडेचं गाणं

गाढवपणा कोण करत नाही हो? सगळेच करतात. पण आपला गाढवपणा वीस हात लांब कापडावर, वीतभर उंच अक्षरांत, स्वतःच्या हातानं रंगवून, बांबूला बांधून भर मैदानात उभा करणारा माणूस पाहिला का कधी? नसेल पाहिला तर नीट पाहून घ्या. तुमच्या समोर बसून चहा पिऊन राहिला तोच!

हिंगण्याकडे नवे नवे कारखाने उभे होऊन राहिले होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही नागपुरात पाचपावलीत राहायचो. माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं. मोहल्ल्यात कुठेही नजर टाका, अक्षर माझंच. ‘किराणा भांडार’, ‘उधार बंद’, ‘येथे सायकल ठेवू नये’. लोक ठेवायचेच, पण अक्षर पाहून ठेवायचे.

आणि आमच्या मोहल्ल्याचा फुटबॉल क्लब होता. चितळ क्लब. आता तुम्ही म्हणाल, चितळ काहून? तर पहिल्या जर्सीसाठी इतवारीतून जे कापड आणलं, ते घरी येऊन उलगडलं तर ठिपक्याठिपक्यांचं निघालं. दुकानदार परत घेईना. मग क्लबचंच नाव चितळ ठेवलं. आहे का नाही डोकं?

मला स्वतःला फुटबॉल खेळता यायचा नाही. बॉल माझ्याकडे आला की मी बाजूला व्हायचो, इतका मी सभ्य. पण क्लबचा बोर्ड माझा, गोलपोस्टला चुना माझा, जर्सीवरचे नंबर माझे. मोहल्ल्यात कोणी ‘वानखेडे’ अशी हाक मारली की समजावं, वासुदेव वानखेडेला बोलावलं. म्हणजे मला. दुसरा वानखेडे होताच कुठे?

आणि मग तो आला. मनोहर.

काटोलचा. हिंगण्याच्या कारखान्यात लागला आणि आमच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. कुरळे केस, गोड गळा, आणि बुडाखाली मोटारसायकल. आमच्या गल्लीत तोवर मोटारसायकल फक्त रस्ता चुकली तर यायची! बरं, आला तर आला, गुपचूप राहावं ना माणसानं? पहिल्याच मॅचला हा काटोलहून संत्र्यांचं पोतं घेऊन हजर. हाफ टाइममध्ये खेळाडूंना संत्री, पंचाला संत्री, बघणाऱ्यांना संत्री. मी इतकी वर्षं चुना मारला, चुना कोणाला गोड लागतो?

आणि याचं आडनाव काय असावं? सांगा, सांगा. वानखेडे!

सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. मैदानावर कोणी ओरडायचं, “ओ वानखेडे!” मी वळायचो. हाक मारणारा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघून हात हलवत असायचा. एकदा, दोनदा, दहादा. शेवटी एका पोरानं मला तोंडावर सांगितलं, “अबे पेंटर, तुले नाई बलावलं. वानखेडेले बलावलं.”

पेंटर! अहो, लोकांचं पाकीट मारतात, सायकल चोरीला जाते. माझं आडनाव चोरीला गेलं! बापाचं, आज्याचं आडनाव. पोलिसात जाऊन काय लिहून देऊ? चोर कोण म्हणतील, तर वानखेडे. मालक कोण, तर वानखेडे.

मी जळत होतो असं समजू नका हं. जळण्यासारखं काय होतं त्यात? फक्त त्याची मोटारसायकल वाजली की माझ्या छातीत आंबट ढेकर अडकल्यासारखं व्हायचं. आणि आमची इंदू, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “काय गोड बोलते वं तो मानूस!” ती स्वतःशीच बोलायची, पण पोळी माझ्या ताटात करपलेली यायची. तो काय योगायोग?

तर त्या साली आमचा क्लब फायनलला गेला. समोर सदरवाले, म्हणजे शहराच्या सदर भागातला क्लब. सदरवाल्यांचा खेळ चांगला होताच, पण त्याहून चांगले त्यांचे बघे. त्यांचं एक गाणं होतं. सगळे एकदम उभे राहायचे, एका सुरात, एका ठेक्यात गायचे. अंगावर काटा यायचा. आणि आमच्याकडे? शिट्या आणि शिव्या. शिव्यासुद्धा ज्याच्या त्याच्या वेगळ्या! कोणाचा कोणाला मेळ नाही.

क्लबचे सेक्रेटरी शंकरभाऊ. सायकलीचं दुकान होतं त्यांचं, आणि तोंडात कायम पान. पान तोंडात असताना बोलायचं म्हणजे मान वर करून, रस सांभाळून, जेवढ्यास तेवढे शब्द. ते एकदा मान वर करून म्हणाले, “गानं पायजे. आपलं. सर्वायनं मिळून म्हनाचं.”

बस! मी घरी गेलो आणि कामाला लागलो. कारण गाणं लिहायला मोहल्ल्यात माझ्याशिवाय होतंच कोण? ‘सत्कार समारंभ’, ‘वार्षिक स्नेहसंमेलन’, ‘उद्घाटन शुभहस्ते’ हे सगळे शब्द रोज माझ्या ब्रशातून वाहायचे. माझी भाषा अशी शुद्ध झाली होती की भाजीवालीला मी “किंचित कोथिंबीर” मागायचो. दुकान बंद ठेवून गाणं लिहिलं. ऐका.

“पदकंदुकवीर हो, सत्वर व्हा सिद्ध,
चरणप्रहारे करा शत्रुदुर्ग विद्ध!
हे चितळकुलभूषण, विक्रमनिधान,
गोलस्तंभांतरी करा कंदुकप्रदान!
कीर्तिरूपे उरा तुम्ही जनमानसी सदा,
विसरणार नाही तुम्हां आम्ही कदापि, कदा!”

पदकंदुक म्हणजे फुटबॉल. तुम्हाला समजलं नाही ना? तेव्हाही कोणाला समजलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी गाणं निवडायला शंकरभाऊंच्या दुकानात सगळे जमले. कोणी टायरवर बसलेलं, कोणी पंपावर रेललेलं. आधी मी वाचलं. हात पाठीमागे बांधून, छाती पुढे काढून. संपलं तेव्हा अशी शांतता पसरली की कोपऱ्यातल्या एका ट्यूबची हवा जाताना ऐकू आली. मी म्हटलं, भारावले! आमचा गोलकीपर पुंडलिक, माझा लहानपणचा दोस्त, तेवढा बोलला, “वासुदेवा, लय भारी हाय गा. पन मंधात श्वास कुठी घ्याचा?”

मग मनोहर उठला. कागद नाही, काही नाही. रिकामं चाक उलटं धरलं, त्यावर ठेका धरला आणि सुरू.

“आले रे आले, चितळ आले!
सदरवाले कुठी गेले? पानी प्याले गेले!
बॉल कुठी गेला? जाळीमंधी गेला!
गोलकी काहून निजला? घामानं भिजला!”

आता तुम्हीच सांगा, यात काव्य कुठे आहे? उपमा? अलंकार? पण दुसऱ्या ओळीला अर्धं दुकान गायला लागलं, चौथ्या ओळीला सगळं. पुंडलिक, माझा दोस्त पुंडलिक, पान्हा घेऊन मडगार्ड बडवत होता! शंकरभाऊंनी तर मान वर करून डोळे मिटले होते, आणि पानाचा रस सदऱ्यावर गळून राहिला याचं त्यांना भान नव्हतं.

माझ्यानं ते पाहवलं नाही. मी उठलो आणि कोणाला न सांगता घरी निघून आलो. निकाल ऐकायला थांबलोच नाही. इथेच, इथेच फसलो पाहा!

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरभाऊ माझ्या दुकानासमोर सायकलवरून न उतरता थांबले. एक पाय नालीच्या काठावर. तोंडात पान.

“पास झालं,” म्हणाले, “वानखेडेचं.”

माझ्या हातातला ब्रश खाली पडला. “वानखेडेचं?”

“वानखेडेचं.”

“सर्वांना आवडलं?”

“मंग! कपड्यावर लिहून टाक. मोठ्या अक्षरानं. बाहेरचे लोकं येतीन फायनलले, त्यायले पाठ नसन. वाचून म्हनतीन.”

“आणि बोल?”

“बोल तं तुले पाठच असतीन ना बे आता,” म्हणाले, आणि पुढे थुंकायला जागा दिसली म्हणून निघून गेले.

आता मला सांगा, यात शंका घेण्यासारखं काय होतं? वानखेडे कोण? मी! मला माझंच गाणं पाठ नसेल? मी दुकानाच्या दारात उभा राहून सगळ्या पाचपावलीकडे असं पाहिलं, जसं काही तीच मला पाहायला जमली आहे.

घरी येऊन इंदूला म्हटलं, “झालं पास!”

“कोनाचं?”

“वानखेडेचं.”

लाटणं थांबलं. “कोनत्या वानखेडेचं?”

“म्हणजे काय? या घरात किती वानखेडे आहेत?”

“घरात एक हाय. मोहल्ल्यात दोन हायेत.”

“मोहल्ल्याचं मला सांगू नको!”

“अहो, एकडाव शंकरभाऊले विचारून तं या.”

“इंदू,” मी शुद्ध आवाजात म्हटलं, “कवी विचारावयास जात नसतो.”

तिनं लाटणं पुन्हा सुरू केलं. बायका बोलत नाहीत तेव्हा समजून घ्यायचं असतं. हे मला फार उशिरा समजलं.

मग मी काय करावं? मनानं मोठा माणूस मी. म्हटलं, बिचारा मनोहर हिरमुसला असेल. जाऊन समजूत काढावी. खरं सांगू? समजूत काढायचं निमित्त. मला त्याचं उतरलेलं तोंड पाहायचं होतं. संध्याकाळी गेलो. तो मोटारसायकल पुसत बसला होता. शीळ घालून राहिला होता! मी मनात म्हटलं, दुःख लपवतो आहे.

“जय भीम, भाऊ! या, बसा बसा.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मनोहर, मन लहान करू नकोस. यंदा नाही तर पुढल्या वर्षी.”

तो दचकला. “पुढच्या वर्षी कायले, भाऊ? यंदाच जिंकतो ना आपन!”

पाहा घमेंड! हरला तरी जिंकायची भाषा! पण मी सोडून दिलं. म्हटलं, “मी कापडावर लिहून राहिलो, समजलं ना तुला?”

“हो ना भाऊ! शंकरभाऊनं सांगतलं. तुमच्या हातानं लिहून ऱ्हायले म्हनून मले असा आनंद झाला, काय सांगू!”

मला जरा कौतुक वाटलं. हरलेल्या माणसानं इतकं मोठं मन दाखवावं? मग तो मान खाली घालून, लाजत म्हणाला, “एक विनंती होती भाऊ. खाली मायं नाव नका टाकू बा.”

मी पाहतच राहिलो. “तुझं नाव? मी कशाला टाकू तुझं नाव?”

“बस! हेच म्हनत होतो मी,” तो खूश होऊन म्हणाला. “तुमी समजदार मानूस हाय, भाऊ.”

याचं डोकं फिरलं आहे असं ठरवून मी परत आलो. दुःखानं होतं असं कधी कधी.

त्या आठवड्यात सगळा मोहल्ला ‘आले रे आले’ गात होता. नळावर, दळणाच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत. मी ऐकत होतो हो, बहिरा नव्हतो! पण मी म्हणायचो, लोक दयाळू असतात. हरलेल्याचं गाणं जरा म्हणतात त्याला बरं वाटावं म्हणून. फायनलला बरोबर माझंच म्हणतील. एकदा न्हाणीघरातून इंदूचा आवाज आला, “सदरवाले कुठी गेले, पानी प्याले गेले.” मी बाहेरून ओरडलो, “घरात तरी शुद्ध गा!” आतून बादली जोरात आपटल्याचा आवाज आला.

मी इतवारीतून मांजरपाट आणला. दुकानात जो रंग शिल्लक होता तो घेतला. गच्चीवर कापड अंथरून, गुडघे टेकून, एकेक अक्षर असं काढलं की देवनागरीनं स्वतः येऊन पाठ थोपटावी. भोवती चौकट काढली. आणि सगळ्यांत खाली नाव. ‘वासुदेव’ लिहिलं नाही. ‘पेंटर’ तर मुळीच नाही. फक्त एकच शब्द, गाण्यापेक्षा दुप्पट मोठा: वानखेडे. म्हटलं, घे! होऊन जाऊ दे एकदाचं. वानखेडे कोण, ते सगळ्या नागपूरला वाचू दे.

कोणाला दाखवलं नाही. गुंडाळी करून ठेवली. उद्घाटन म्हणजे उद्घाटन.

फायनलचा दिवस. मैदान गच्च. आमचे लोक आमच्याच गोलच्या दोन्ही बाजूंना बसलेले. मी इस्त्रीचे कपडे घालून, दोन पोरं घेऊन गोलच्या मागे बांबू रोवले, गुंडाळी वर बांधली. मनोहर गळ्यात ढोलकी अडकवून पुढे उभा. मी मनात म्हटलं, वाजव बाबा. माझ्या गाण्याला ढोलकी वाजव. हेच तुझ्या नशिबात आहे.

पंचाची शिटी झाली. मी दोरी ओढली. कापड खाली सुटलं, फडाड करून!

त्याच क्षणी ढोलकीवर थाप पडली आणि आमच्या सगळ्या लोकांनी तोंड उघडलं.

“आले रे आले, चितळ आले!”

मी हबकलो. अरे, हे काय म्हणून राहिले? चुकले, चुकले! मी कापडासमोर धावलो, हातातल्या काठीनं पहिली ओळ ठोकली आणि ओरडलो, “इकडे वाचा! कापडावर! पदकंदुकवीर हो!”

आता झालं काय, जे बाहेरून आलेले लोक होते, ज्यांना गाणं पाठ नव्हतं, त्यांनी इमानदारीनं वाचायला सुरुवात केली. एकीकडून “सदरवाले कुठी गेले?” आणि दुसरीकडून “शत्रुदुर्ग विद्ध!” एकीकडून “पानी प्याले गेले!” आणि दुसरीकडून “चर... चरन... चरनप्रा... काय हाय गा ते?” ढोलकी मध्येच अडखळली. म्हातारे लोक उठून उभे राहिले. त्यांना वाटलं भांडण लागलं. पलीकडे सदरवाले पोट धरून हसून राहिले होते.

आणि या गोंधळात आमच्या पुंडलिकनं, आमच्या गोलकीनं, मागे वळून पाहिलं.

एकदा पाहिलं. मग पुन्हा. मग तो पुरताच वळला. पाठ मैदानाकडे, तोंड माझ्या कवितेकडे. ओठ हलत होते. एकेक अक्षर जुळवत होता बिचारा. “गो... ल... स्तं... भां...”

अहो, माझी कविता इतकी तल्लीन होऊन माझ्या अख्ख्या आयुष्यात कोणी वाचली नाही!

तो ‘गोलस्तंभांतरी’पर्यंत पोचला आणि बॉल त्याच्या पाठीमागून येऊन जाळीत पोचला.

पुढे काय झालं ते सांगवत नाही. हाफ टाइमपर्यंत मी त्या कापडाच्या मागे उभा होतो, पुढे यायची सोय नव्हती. शिटी झाली आणि शंकरभाऊ धावत आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी बोलायला पान थुंकलं.

“हे काय लिवलं बे, पेंटर?”

“तुम्हीच तर सांगितलं! वानखेडेचं गाणं!”

“मंग वानखेडेचं काहून नाई लिवलं?”

“हे वानखेडेचंच आहे! मी वानखेडे नाही तर कोण आहे?”

शंकरभाऊ खरोखरच विचारात पडले. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “तू? तू तं पेंटर हाय.”

चेष्टा करत नव्हते हो. तेच तर वाईट! सभोवार पन्नास माणसं उभी होती, एकही हसला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, पेंटर आहे. मग मला एकदम सगळं समजलं. ‘पास झालं’. ‘पाठच असतीन’. ‘खाली मायं नाव नका टाकू’.

“उतरव हे लफडं!” शंकरभाऊ गरजले. दोन पोरं बांबूकडे धावली.

“थांबा, थांबा!” मनोहर पुढे आला. हातात संत्र्यांचं पोतं. “ऱ्हाऊ द्या ना, शंकरभाऊ. आता बाजू बदलते. आता इथी सदरवाल्यायचा गोलकी उभा राहीन.”

पोरं बांबूपाशीच थांबली. मग शंकरभाऊंच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. “अरे हो बे!”

हाफ टाइमनंतर बाजू बदलतात, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! त्या गोलपोस्टला चुना कोण मारतो? पण सुचलं कोणाला? त्याला! माझ्या फजितीचा उपयोगसुद्धा त्यालाच सुचावा? वरून मला संत्रं देऊन म्हणतो, “भाऊ, अक्षर लय सुंदर हाय तुमचं.” मी ते संत्रं खाल्लं. गोड होतं. याचाच राग आला.

दुसरा हाफ सुरू झाला. सदरवाल्यांचा गोलकीपर जॉर्ज आमच्यासमोर येऊन उभा राहिला. उंच, तगडा, पहाडासारखा माणूस. आमचे लोक एका सुरात मनोहरचं गाणं म्हणायला लागले, आता बाहेरच्यांनाही ते पाठ झालं होतं. जॉर्जनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पण त्याची नजर कापडावर गेली.

मी बांबूजवळ उभा राहून त्याचं तोंड पाहत होतो. तो वाचून राहिला होता! मध्येच बॉलकडे पाहायचा, पुन्हा वाचायचा. वरून खाली, ओळीनं. शेवटच्या ओळीवर आला, मग खालच्या मोठ्या शब्दावर. आणि काय सांगू, त्या पहाडाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं डोळे मिटले, मान झुकवली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

तेवढ्यात आमच्या पोरानं दुरून मारलेला बॉल त्याच्या कानाजवळून आत गेला. गोल!

सगळं मैदान नाचत होतं. मी मात्र तसाच उभा. माझे डोळे भरून आले. एक माणूस तर निघाला! पाचपावलीत नाही, सदरला का होईना, पण निघाला! कविता वाचून ज्यानं देवाचं नाव घेतलं, असा एक रसिक! मी मनात म्हटलं, मनोहर, तुझं गाणं टायरवर बडवतात. माझ्या गाण्यावर लोक डोळे मिटतात.

त्यानंतर जॉर्जचं लक्ष काही खेळात लागलं नाही. शेवटी शेवटी आमचा दुसरा गोल झाला. चितळ क्लब जिंकला! लोकांनी मनोहरला खांद्यावर घेतलं. “वानखेडे! वानखेडे!” करत सगळी मिरवणूक पाचपावलीकडे निघाली. पुंडलिक सगळ्यांत पुढे नाचत होता. शंकरभाऊंनी नवं पान लावलं होतं.

मी एकटा मागे राहिलो. कापड सोडून, घडी घालत होतो. तेवढ्यात गोलपोस्टपाशी राहिलेला आपला स्वेटर घ्यायला जॉर्ज परत आला. मला पाहून थांबला. हळूच जवळ आला.

“भाईसाब, ये आपने लिखा?”

माझी छाती फुगली. “हां! हमने लिखा.”

“बहुत साफ लिखा. दिल को लगा.”

मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. “हमने देखा,” मी म्हटलं, “आपने आँख बंद करके क्रॉस किया. इतना असर हुआ?”

“क्यूँ नहीं होगा?” जॉर्ज गंभीरपणे म्हणाला. “काली बॉर्डर देखी, तभी समझ गया कोई गुजर गया. फिर पढ़ा. कीर्ति, जनमानस, कभी नहीं भूलेंगे... और नीचे नाम था, वानखेडे. खेल में कितनी भी दुश्मनी हो भाईसाब, मौत-मिट्टी में अपन दुश्मनी नहीं रखते. आँख बंद करके उनके वास्ते प्रार्थना की. उतने में गोल हो गया. होने दो.”

मी हातातल्या कापडाकडे पाहिलं. पांढरा मांजरपाट. काळी अक्षरं. भोवती चांगली चार बोटं रुंद काळी चौकट. अहो, दुकानातला लाल रंग संपला होता, मी तरी काय करू?

जॉर्जनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग दूर जाणाऱ्या मिरवणुकीकडे गोंधळून पाहत म्हणाला, “मगर भाईसाब, अभी तो सब लोग उनको कंधे पे उठा के वानखेडे-वानखेडे कर रहे थे. वो ढोलकवाले. वो तो जिंदा हैं ना?”

“हां,” मी म्हटलं. “वो जिंदा है.”

“फिर ये?”

मी घडी बगलेत घेतली. नजर खाली घातली. म्हटलं, “ये दूसरे वानखेडे.”

जॉर्जनं छातीवर हात ठेवून एवढा मोठा श्वास सोडला.

“दूसरे? चलो, थँक गॉड!”